यादी चारपर्यंत हवी आहे

"माझ्यामागून म्हण," हेलन म्हणाली. "तुला फार त्रास होणार नसेल, तर ती यादी पाठवशील का?"

हेलन आमची मॅनेजर. लंडनच्या हाउन्सलो भागातलं मालवाहतुकीचं ऑफिस, बारा जणांची मीटिंग, आणि मी तिशीतली बाई शाळेतल्या पोरीसारखी उभी. म्हटलं. दोघं-तिघं फिसकन हसले.

"आता जरा हसून."

हसून परत म्हटलं. शी! आजही आठवलं की कान तापतात.

माझा गुन्हा काय, तर आदल्या दिवशी ऑफिसातल्या पीटरला मी म्हणाले होते, "यादी मला चारपर्यंत हवी आहे." बस, एवढंच. विमान सातला सुटतं, त्याआधी यादीतला माल पोचवायचा असतो. पीटरला ते उद्धट वाटलं.

मी जर्मनीत वाढले. आई नागपूरची, तिकडच्या हॉस्पिटलात नर्स. घरात मराठी, बाहेर जर्मन, इंग्रजी त्यानंतरची. जर्मनमध्ये हवं ते सरळ मागतात, कुणाला राग येत नाही. इथे आधी सॉरी, मग हवापाण्याच्या गप्पा, मग तुला जमेल का, आणि मग कुठे यादी. 'इंटरेस्टिंग' म्हणाले की समजायचं, आपलं काम आवडलेलं नाही. हे सगळं मी वहीत लिहायचे, ट्रेनमध्ये पाठ करायचे.

तरी हेलननं दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मला इंग्रजीचा वर्ग लावला. एकटीला. प्रोबेशन चालू, ब्रेक्झिटनंतर लागणारा व्हिसा कंपनीच्या हातात. नोकरी पक्की झाली नाही तर गाशा गुंडाळायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिले.

मग योनास आला. हॅम्बुर्गचा, गोरा, माझ्याच कामावर. त्याचं इंग्रजी ऐकलं आणि हसूच आलं, अगदी माझंच! पहिल्याच आठवड्यात तो पीटरला म्हणाला, "यादी आत्ता पाठव. उशीर झालाय."

मी श्वास रोखून बसले. पीटर हसला. हेलन म्हणाली, "किती मोकळं बोलतोस! तुम्हा जर्मन लोकांचं हे मला फार आवडतं."

तुम्हा जर्मन लोकांचं! अगं बाई, मग मी कोण? पासपोर्ट माझाही तोच. चूक भाषेत नव्हतीच, माझ्या तोंडात होती. माझ्या रंगाच्या तोंडात.

रविवारी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तिथंही तेच का गं?" मग म्हणाली, "मी उभा जन्म हसून मान हलवली. तू नको हलवू."

प्रोबेशनच्या शेवटच्या मीटिंगला हेलननं कागद पुढे केला. त्यावर माझ्या नावानं लिहिलेलं: माझं बोलणं कमी पडतं हे मला मान्य आहे, वर्ग पुढेही करीन. खाली सहीची जागा.

"योनासचा असा कागद कुठे आहे?" मी विचारलं.

"त्याचं वेगळं आहे."

"कसं?"

ती पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. मग म्हणाली, "तुला राग आलेला दिसतोय."

"हो. आलाय. मी सही करणार नाही."

सॉरी नाही, हवापाणी नाही. सहीची जागा कोरीच ठेवून उठले.

नोकरी राहील की जाईल, अजून कळलेलं नाही. वही मात्र फेकलेली नाही. शब्द मी शिकणार, जन्मभर शिकणार. माझ्या तोंडाची माफी मागणार नाही. उद्याही विमान सातला सुटतं. यादी मला चारपर्यंत हवी आहे, आणि मी ती अशीच मागणार.