इंजिन नसलेली नाव

आज सकाळी गॅलरीत बसून सायकलच्या चेनला शिवणयंत्राचं तेल घालत होते, तर तेलाबरोबर सुक्या बोंबलांचा वास आला. पुढच्या वेताच्या टोपलीतून. गेल्या सहा महिन्यांत या टोपलीत एकही बोंबील पडलेला नाही. साबणाने धुतली, लिंबू चोळलं, दोन दिवस कडक उन्हात उलटी ठेवली, पण वेताने एकदा जे पिऊन घेतलं ते घेतलं. खाली बोईसरचा रस्ता रविवार असल्यामुळे निवांत होता. कारखान्यांच्या बस नव्हत्या, शिफ्टला जाणाऱ्यांची हिंदी गडबड नव्हती. अशा रविवारी मी पूर्वी या वेळेला मुरब्याच्या वाटेवर असायचे आणि तिथल्या होडीपाशी ती माझी वाट बघत उभी असायची. आता वास तेवढा राहिलाय, आणि तो कसा काढावा ते मला कळत नाही. खरं सांगायचं तर काढावा का, तेही कळत नाही.

ती माझी मैत्रीण. सातपाटीची, मासेमारांच्या घरातली. तिचे वडील नावेवर तांडेल होते, म्हणजे नाव त्यांच्या शब्दावर चालायची. आमच्या शाळेत ती पी.टी. शिकवायची आणि मी भूगोल. मुलांसमोर शुद्ध बोलायची, स्टाफरूमचं दार लोटलं की घरचं बोलणं सुरू. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला सायकल येत नाही हे तिला कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. चिंचणीच्या किनाऱ्यावर, ओहोटीने घट्ट करून ठेवलेल्या ओल्या वाळूत, तिने मला सायकल शिकवली. मागून धरून धावायची आणि म्हणायची, "पडलीस तर वालूत पडशील, बाय. मरनार नायस." पंधरा दिवसांत मी तोल सावरायला लागले. तिने मागचा हात नेमका कधी सोडला ते मला कळलंच नाही. तेव्हा याचं मला फार कौतुक वाटलं होतं.

नदीची गोष्ट स्टाफरूममधल्या एका कॅलेंडरपासून सुरू झाली. डॅन्यूब नदी, काठाने गेलेली अरुंद वाट आणि पाठमोऱ्या दोन बायका, सायकलींवर. तिने त्या बायकांवर खडूचं बोट टेकवलं आणि म्हणाली, "ह्या आपन दोगी." झालं. मी आयुष्यभर नववीच्या पोरांना नकाशावर छडीने युरोपातल्या नद्या दाखवल्या, आणि स्वतः सूर्या आणि वैतरणेपलीकडे नदी म्हणून फारसं काही पाहिलं नव्हतं. मी वाचायला लागले, नातेवाइकांची पोरं पकडून त्यांच्याकडून इंटरनेटवर शोधायला लागले. कळलं ते असं, की तिथे सहलीबरोबर वाटाड्या येत नाही. तुमचं बोचकं गाडीने पुढच्या मुक्कामाला जातं, तुमच्या हातात नकाशा देतात आणि म्हणतात, या आता सावकाश. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, सगळं तुमच्यावर. चुकलात तर चुकलात. मला त्या चुकण्याचीच भूल पडली. तीस वर्षं पोरांना रांगेत नेणाऱ्या-आणणाऱ्या बाईला रस्ता चुकण्याची केवढी हौस असते, ते इतरांना नाही कळायचं. आणि चुकताना शेजारी ती असणार होती, दोघींपैकी कुणालाही रस्ता ठाऊक नसणार होता, यात सगळं आलं.

मी एक दोनशेपानी वही केली. तपकिरी कागदाचं कव्हर, वर भूगोलाच्या वहीवर लिहितात तसं नाव. पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत आठ दिवस, प्रत्येक दिवसाला काही पानं. कुठे डोंगरावर मठ आहे, कुठे जर्दाळूच्या बागा आहेत, कुठे नदी होडीने ओलांडायची. अकरा वर्षं ती वही भरत गेली. आम्ही निवृत्त झालो तरी भरत होती. "ही इथे मासे बघायला थांबेल, अर्धा तास जास्त धरावा" असंही मी एका पानावर लिहिलं होतं. एकदा मी तिला सांगितलं, की नदीच्या वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला जायचं, म्हणजे सगळा उतार. तिने विचारलं, "आन् पानी परत कवा येतं?" म्हटलं, ती नदी आहे, परत येत नाही. तिला ते काही पटलं नाही. खाडीवर वाढलेली बाई, दिवसातून दोनदा पाणी परत येताना पाहिलेली. "असली कसली नदी," म्हणाली आणि फोडणीला टाकायच्या जवळ्याची, त्या बारीक सुकटीची, गोष्ट काढली.

सराव म्हणून आम्ही रविवारी फिरायचो. कधी घिवलीपर्यंत, उजवीकडे समुद्र आणि समोर अणुवीज केंद्राच्या इमारती. कधी तारापूरच्या वाड्यांमधून. पण माझी आवडती वाट मुरब्याची, कारण तिथे होडीतून सायकली पलीकडे सातपाटीला न्यायच्या. युरोपातल्या होडीची ती आमची रंगीत तालीम. भरती धरून निघावं लागायचं, नाहीतर सायकल चिखलातून उचलायची पाळी. पलीकडे तिच्या वहिनीकडे भाकरी आणि कालवण, आणि निघताना माझ्या टोपलीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बोंबील. नको म्हटलं तर वहिनी रागवायची.

गेल्या वर्षी माझा गुडघा दुखावला. डॉक्टर म्हणाले, सहा महिने सायकल नाही. ती रोज फोन करायची, "घाई नको, नदी कुटं पलून चाल्लीय" म्हणायची. त्याच सुमाराला म्युनिकला असणाऱ्या तिच्या लेकीने तिला बोलावून घेतलं. मला सांगितलं ते असं, की नात लहान आहे, लेकीला नोकरी आहे, महिनाभर पोर सांभाळायची, घराबाहेर पाऊल टाकायला फुरसत मिळायची नाही. जाताना वही मागून घेतली. लेकीला दाखवते, म्हणाली, तिथल्या तिथे चौकशी करून ठेवते आपल्यासाठी. मी वही दिली. वर जवळ्याची चटणी करून डब्यात भरून दिली. ती चटणी मी किती मनापासून भाजली होती, ते आठवलं की आजही अंगाची लाही होते.

महिनाभर तिथूनही तिचे फोन यायचे, पोर हातातून सुटत नाही म्हणून. मग ती परत आली, वही परत आली, माझा गुडघाही परत कामाला लागला. पहिल्याच रविवारी आम्ही मुरब्याहून होडीत बसलो. पाणी भरलेलं होतं, वारा पडलेला. मी हौसेने वही उघडली आणि पाचव्या दिवसाचं पान वाचायला लागले, की इथे आपण फेरी बोटीने पलीकडे जायचं, बोटीला इंजिन असेल, डिझेलचा वास येईल, तुला बरं वाटेल. ती हसली. "इंजिन नाय तिला," म्हणाली. "वर तार बांदलीय, या काठापासून त्या काठापर्यंत. तांडेल नुसतं सुकाणू वलवतो, जरासं. आन् पान्याचा जोरच तिला पलीकडं ढकलतो. आवाज म्हनून नाय, बाय. नुसती तार कुरकुरते." बोलता बोलता तिचे दोन्ही हात सुकाणू धरल्यासारखे वळले होते, आणि तांडेलाच्या त्या लेकीच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की मी क्षणभर बघतच राहिले. मग तिचे हात थांबले. वहीत तारेचा उल्लेख नव्हता. मी लिहिलाच नव्हता, कारण मला ते ठाऊकच नव्हतं.

मी विचारलं, "गेली होतीस?" तिने पाण्याकडे बघितलं. मग सगळं बाहेर आलं. लेकीने आणि जावयाने बेत ठरवला होता. बरोबर विहीण होती. जावयाची आई, नाशिकची, जन्मात सायकलवर न बसलेली. तिच्यासाठी बॅटरीवर चालणारी सायकल घेतली होती. आठही दिवस, आठही मुक्काम, माझ्या वहीप्रमाणे. "लेकीच्या सासरचं मानूस, नाय कसं म्हनू," ती म्हणाली. "आन् तुजा गुडगा असा. तुला वाईट वाटंल म्हनून बोलले नाय." होडीत इतर माणसं होती, कोळणी होत्या, म्हणून मी वही मिटून पिशवीत ठेवली. नाहीतर मी काय बोलले असते कुणास ठाऊक. वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, हे वाक्य जगातल्या समस्त दगाबाजांनी वाटून घेतलेलं असावं. अगं, मला वाईट वाटलं असतं, रडले असते, आणि मग तुझ्या पिशवीत चटणी भरून तुला पाठवलंही असतं. जा म्हणाले असते. पण ते म्हणायची संधी तू मला ठेवली नाहीस. माझ्या वहीतल्या "आपण" या शब्दाच्या जागी नाशिकची बाई बसली आणि मी बोईसरला तुझ्या नातीसाठी दुपटं शिवत होते.

त्यानंतर मी सातपाटीला गेले नाही. लोक म्हणतात, एवढ्या तेवढ्यावरून मैत्री तोडू नये. तोडली नाही मी. पाणी एकदा ओसरलं की चिखलातून होडी ओढत न्यायची का, याचा विचार करत बसलेय इतकंच. एक मात्र कबूल करते. मला राग विहिणीचा नाही आणि प्रवासाचाही नाही. तिला ती नाव दिसली याचा तर मला आनंदच आहे, कारण ती नाव माझ्यापेक्षा तिची होती. राग आहे तो तिने मागचा हात सोडल्याचा, आणि सोडल्यावरही धरलाय असं महिनाभर फोनवर भासवल्याचा.

गेल्या गुरुवारी ती आली. न कळवता, दुपारी, बसने. हातात वर्तमानपत्राचं पुडकं. चपला काढून दारातच उभी राहिली, बोलावेपर्यंत आत आली नाही. बसल्यावर म्हणाली, "येत्या मे महिन्यात आपन दोगीच जाऊ. लेकीला बोलले मी. दुसरं कोनी नाय. तुजा गुडगा सांभालून जाऊ, मी नेते तुला." तिचे डोळे भरलेले होते आणि ती नाटक करणारी बाई नाही, हे मी तीस वर्षं पाहिलंय. माझं मन पार विरघळायच्या बेताला आलं. समोर टेबलावर वही होती. मी ती जवळ ओढली आणि तिला एकच विचारलं, "रस्ता चुकू ना गं आपण?"

तिला वाटलं, मी घाबरलेय. तिने माझ्या हातावर हात ठेवला, तोच वाळूतला खरबरीत हात, आणि धीर द्यावा तशी म्हणाली, "नाय ग. आता नाय चुकनार. सगला रस्ता म्हाईत हाय मला."

महिनाभर जिने मला फोनवर खोटं सांगितलं, ती त्या दुपारी माझ्यासमोर बसून अगदी खरं बोलली, आणि मला तेव्हा तिच्याकडून फक्त एक खोटं हवं होतं.