ओहोटीची वेळ

दोंडाईचा स्टेशनवर दुपारच्या गाडीची वाट बघताना बाकड्यावर एक आबा रोज भेटायचे. गाडीत मात्र ते कधीच चढायचे नाहीत. मी शेजारी बसलो की चहात बोट बुडवून बाकड्यावर जर्मनीतलं एक समुद्रकाठचं खेडं काढायचे. हा बांध, हे चर्च, इथून पुढे ओहोटीला नुसता चिखल. जुनं गाव कधीकाळी वादळात समुद्राने गिळलं, मग लोकांनी बांध घातला, हे ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. एकदा वैतागून मी म्हणालो, "आबा, दोंडाईच्यात बसून तुम्हाला त्या गावाचं काय पडलंय?"

"मना पोऱ्या तठे नोकरीले व्हता. ओहोटीमा चालत गया. पानी परत उनं, तो परत नई उना."

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्या गावाने किनाऱ्यावर लावलेल्या कॅमेऱ्यातून राखाडी चिखल दिसत होता. त्यावर कोणीच नव्हतं.

"समुद्र दिनमा दोनदा मांगे सरकस, भाऊ. दोन्ही येळे मी देखस."

गाडी आली. त्यांनी पाय आत घेऊन मला वाट दिली, पण मोबाइलवरची नजर काढली नाही. तिकडे पाणी परत यायला अजून वेळ होता.