अनुजाचा उजवा पाय

मुरगूडच्या संयोगिताची मुलगी अनुजा सातवीत होती, शाळेच्या खो-खो संघात. खांबाला वळसा घेताना तिचा उजवा घोटा मुरगळला. गावातल्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं. ते काढलं तेव्हा सूज गेली होती, पण दुखणं वाढलं होतं.

पायावर नुसती चादर टेकली तरी पोरगी कळवळायची. पाय गार पडायचा, जांभळट दिसायचा, मधेच घामानं ओला व्हायचा. एक्स-रेत काहीच निघालं नाही. पोरीला शाळा नको असेल, असं डॉक्टर म्हणाले. वडिलांना, विजयसिंहांना ते पटलं. त्यांनी तिला दंडाला धरून अंगणात चालवलं; ती मधेच खाली बसली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी पुन्हा प्लॅस्टर घातलं. ते निघालं तेव्हा पोटरी वाळली होती.

वर्ष सरल्यावर संयोगिता तिला कोल्हापूरला प्रमोदिनी डॉक्टरांकडे घेऊन गेली. जुनाट दुखण्यांवर उपचार करणाऱ्या या बाईंनी पायाला हात लावण्याआधी अनुजाला विचारलं. दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवून रंग पाहिला, ऊब पाहिली, कापसाचा बोळा हलकेच फिरवला.

"हिचं दुखणं खरं आहे," त्या म्हणाल्या. "मार बरा झाला, पण नसा अजून धोका असल्यासारख्याच वागतायत. पाय जपून ठेवायचा नाही, वापरायचा."

"म्हंजे पोरगी नाटक करत नव्हती?" संयोगितानं विचारलं.

"नव्हती."

बरीच मुलं यातून बरी होतात, पण लवकर कळलं तर. इथं उशीर झालाय, असंही त्यांनी सांगितलं.

मग नसांना स्पर्शाची सवय व्हावी म्हणून रोज आधी मऊ, मग जाडंभरडं कापड पायावर फिरवायचं, थोडं थोडं चालवायचं. अनुजाचं रडणं ऐकवेना म्हणून विजयसिंह रानात निघून जात. एकदा तिनं मोजा घातला, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण थंडीत पाय पुन्हा जांभळा पडला. एसटीचे हादरे सोसेनात, त्यात म्हैस व्यायली. कोल्हापूरच्या खेपा कमी झाल्या. शाळा कायमची सुटली. मैत्रिणी यायच्या थांबल्या.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, किती दुखतंय?

"न्हाय दुखत," अनुजा म्हणाली. तेव्हाही पाय तिनं जमिनीला टेकवला नव्हता.

बाहेर आल्यावर संयोगितानं विचारलं, असं का सांगितलंस?

"दुखतंय म्हणून लय सांगितलं की, आयं. आता कटाळा आलाय."

संयोगितानं लेकीच्या काखेत हात घातला आणि दोघी स्टँडकडे निघाल्या.