वरच्या पट्ट्या कोण ऐकणार

कीबोर्ड दुकानात आला की मास्तर तो लगेच चालू करत नसत. आधी आवाजाचं चाक शून्यावर आणत, लावलेल्या सगळ्या वायरी काढून बाजूला ठेवत आणि मग आणणाऱ्याकडं बघून विचारत, "काल याच्यावर कोण बसलं होतं?"

माणूस गोंधळायचा. त्याला वाटायचं, आपण बिघाड सांगायचा आणि यांनी मशीन उघडायचं. मास्तरांचा हिशोब वेगळा होता. "मशीन लवकर बिघडत नाय. कुणीतरी काहीतरी दाबलेलं असतंय."

आणि तसंच निघायचं. लग्नातल्या बँडचा एकजण तणतणत आला होता की कीबोर्ड बेसूर झालाय, गाणारा एकीकडं आणि वाजवणारा दुसरीकडं. मास्तरांनी ट्रान्सपोजचं बटण दोनदा दाबून आकडा शून्यावर आणला आणि कीबोर्ड परत दिला. आदल्या दिवशी कुणा गायिकेसाठी सूर दोन घरं वर चढवला होता, तो उतरवायचा राहिला होता. भजनी मंडळाचा कीबोर्ड तर दोन महिने मुका होता. हेडफोनच्या पिनचं टोक मोडून आत अडकलं होतं. मशीनला वाटत होतं, कुणीतरी हेडफोन लावून ऐकतंय, म्हणून बाहेरचा स्पीकर बंद. मास्तरांनी रिकाम्या रिफिलच्या टोकाला झटपट चिकटणाऱ्या द्रावाचा थेंब लावला, ती आत घातली, सुकेपर्यंत चहा घेतला आणि टोक अलगद ओढून काढलं.

एका कॉलेजच्या मुलीनं कीबोर्ड संगणकाला जोडला होता. तेव्हापासून दिवे लागत, पण आवाज येत नव्हता. बोर्ड गेला, असं तिला दोन ठिकाणी सांगितलेलं. मास्तरांनी आतली एक सेटिंग बदलली आणि सगळं वाजू लागलं. "बोर्ड चांगलाय. तू त्याला सांगितलंस, निरोप फक्त संगणकाला दे, स्वतः गप बस. तो गप बसला. एवढं ऐकणारं तुझ्या घरात दुसरं कुणी हाय का?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा दुरुस्तीवाला असेल. पण ग्राहकाला कमीपणा न आणता त्याची चूक त्याच्या हातात ठेवणारा माणूस मी तरी हाच पाहिला.

दुकान पैठण गेटजवळच्या गल्लीत होतं. आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. मास्तरांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, तरी बँडवाले त्यांना मास्तर म्हणत. दुकान काढण्याआधी अकरा वर्षं ते वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. ते काम सुटल्यावर लेकीचा जुना कीबोर्ड उघडून, जोडून, परत उघडून ते हे शिकले. दुष्काळाची वर्षं लागोपाठ आली होती. आमच्या नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी यायचं, शहर मात्र बायपासच्या पलीकडं वाढतच होतं, आणि त्या बांधकामांची धूळ प्रत्येक पट्टीखाली जाऊन बसायची. मास्तर ब्रशनं ती झाडत आणि सांगत, "ही बघ, नवी कॉलनी."

मी त्यांच्याकडं गेले ती आमच्या पथकामुळं. वस्त्यावस्त्यांत जाऊन आम्ही टँकरच्या पाण्यावर गाणी म्हणायचो, बायकांना बोलायला लावायचो. माझे वडील पत्रकं छापायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्याच कच्च्या छपाईवर. त्यामुळं माझं साधं बोलणंही मागणीसारखं व्हायचं. मास्तर मला पत्रकवाली म्हणायचे. मी पायरीवर दिसले की विचारायचे, "या पत्रकवाली. आज कुणाचा धिक्कार?"

पुढं ते स्वतःच आमच्याबरोबर येऊ लागले. बोलावलं नव्हतं. पाण्याचं गाणं हाय ना, मग साऊंड मी बघतो, म्हणाले. दोन उन्हाळे त्यांनी आमच्या वायरी जोडल्या, स्पीकर लावले, घरघर आली की लॅपटॉपचा चार्जर काढून ती थांबवली.

मग दौलताबादच्या अलीकडच्या एका वस्तीतला कार्यक्रम आला. टँकर कुणाच्या दारात थांबतो आणि कुणाच्या दारावरून पुढं जातो, हे सांगायला एक बाई पहिल्यांदाच उभी राहिली होती. तिला तयार करायला आम्हाला चार खेपा लागल्या होत्या. तिनं माईक तोंडाशी नेला आणि स्पीकरमधून बारीक, टोकदार शिट्टी निघाली. लोकांनी कान झाकले. मास्तर मिक्सरपाशी शांत उभे होते. कीबोर्डचा आवाज थोडा वाढवून आमच्या वादकाला मान हलवून बरं आहे ना, असं विचारत होते. शिट्टी चालूच. बाईला वाटलं, आपल्याच हातून काही बिघडलं. तिनं माईक खाली ठेवला, पदर सावरला आणि गर्दीत जाऊन बसली. परत उठली नाही.

आमच्या पथकात एक पद्धत होती. महिन्यातून एकदा सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकमेकांच्या चुका तोंडावर सांगायच्या. पाठीमागं बोलायचं नाही. कुणाची गय करायची नाही. त्या पद्धतीचा मला फार अभिमान होता. त्या महिन्याच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले, "मास्तरांना ती शिट्टी ऐकूच आली नाही. यांना वरचे आवाज ऐकू येत नाहीत. हे त्यांना माहीत असणार, आणि त्यांनी ते लपवलं."

मास्तर वायरीचं वेटोळं करत होते. ते पुरं केलं, गाठ मारली आणि म्हणाले, "व्हय."

एवढंच. बैठक पुढच्या विषयाकडं गेली. आपण खरं बोललो, याचं समाधान घेऊन मी घरी आले.

आमचा वादक लग्नाच्या बँडमध्येही वाजवायचा. त्यानं ते कुणाला वाईट हेतूनं सांगितलं नसेल. पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडं वाजणारी वस्तू दुरुस्तीला कोण देईल? महिन्याभरानं मी एक वायर घेऊन दुकानात गेले तेव्हा मागच्या फळीवर एकही कीबोर्ड नव्हता. त्या फळीवर नेहमी पाच-सहा तरी उभे असायचे. मास्तर स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत निवडत बसले होते. त्यांनी धिक्काराचं विचारलं नाही.

मी पायरीवरच उभी राहिले. म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे."

"तू खोटं कुठं बोललीस? त्या बाईचं बोलणं राहिलं, ते माझ्यामुळंच."

"तरी पण."

"तरी पण आधी मला एकट्याला विचारायचं होतंस," ते म्हणाले. "मी सांगितलं असतं. प्रेसवर कान गेले. शेवटच्या आठ-दहा पट्ट्या मला नुसत्या टकटक ऐकू येत्यात. लेकीलाबी सांगितलं नव्हतं मी."

मी रडेन, असं मला वाटलं. पत्रकांत माफी कशी मागतात ते मला येत होतं, समोर बसलेल्या माणसाची कशी मागायची ते येत नव्हतं. मास्तरांनीच मोकळं केलं. एक रिकामं स्टूल पायानं पुढं सरकवून म्हणाले, "मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येत जा. मी खोलतो, जोडतो. तू ऐक."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं ऐकायला बसू लागले. काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. ते खालून वर एकेक पट्टी दाबत जायचे आणि मी सांगायचं, खरखर आहे का, मागं सूं होतंय का, एखादी पट्टी इतरांपेक्षा जोरात वाजते का. सुरुवातीला मी सगळ्यालाच ठीक आहे म्हणायचे, कारण मला त्यांना बरं वाटावं असं वाटायचं. ते माझ्याकडं नुसतं बघायचे आणि तीच पट्टी पुन्हा दाबायचे.

ग्राहकाला आता ते स्वतःच सांगू लागले. "माझ्या कानाला वरचं येत नाय. ही पोरगी ऐकून देती. चालत असंल तर ठेवा." काहीजण कीबोर्ड उचलून निघून गेले. काहींनी ठेवला. भजनी मंडळवाले म्हणाले, आमच्यातल्या निम्म्यांना खालचंही येत नाही, ठेवतो. फळी पहिल्यासारखी भरली नाही, पण रिकामीही राहिली नाही. दोन वर्षं आम्ही तसं चालवलं.

मग गल्लीतल्या भिंतींवर रुंदीकरणाच्या लाल खुणा आल्या. मास्तरांनी परभणीला लेकीकडं जायचं ठरवलं. मागच्या हिवाळ्यात ते तिथंच वारले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मला ते आठवतात ते दुकान सोडायच्या दुपारचे. सामान टेम्पोत चढलं होतं. राहिला होता तो त्यांचा स्वतःचा कीबोर्ड, लेकीचा, ज्याच्यावर ते शिकले तो. तो पायरीवर ठेवून त्यांनी शेजारच्या दुकानातून वायर ओढली आणि अगदी वरच्या पट्ट्यांवर एक चाल वाजवायला घेतली. स्पीकरच्या जाळीवर डावा तळवा ठेवला होता. संथ चाल होती. बोट कुठंच चुकत नव्हतं.

"वाजायलंय का सगळं?" त्यांनी विचारलं.

कीबोर्ड कुणा ग्राहकाचा नव्हता. तो आता कुठल्या कार्यक्रमात वाजणार नव्हता. टेम्पोवाला गाडी चालू करून बसला होता. ठीक आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"वरून तिसरी वाजत नाही," मी म्हणाले.

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी टेम्पोवाल्याला हातानंच थांब म्हटलं, गाडीत चढवलेली हत्यारांची पेटी परत उतरवून घेतली, आणि रस्त्याच्या कडेला मांडी घालून एकेक स्क्रू काढायला बसले.