स्वित्झर्लंडहून आणलेल्या घंटा

परदेशातल्या दुकानात उभं राहून मी रडले ती एकदाच, आणि तीही गाईच्या घंटांसमोर. आमच्या सहलीतल्या बायकांना वाटलं, माझी पर्स गेली.

लेकीनं हौसेनं आम्हा नवरा-बायकोला यवतमाळहून थेट स्वित्झर्लंडला धाडलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी ते दुकान होतं. टूर मॅनेजर घाई करत होता आणि आमची मंडळी चॉकलेटांवर अशी तुटून पडली होती, की जणू गावी जाऊन दुकानच टाकायचंय. मी मात्र एका माणसासाठी काय न्यावं म्हणून गरगर फिरत होते. राळेगावकडच्या खेड्यात शेती करणाऱ्या माझ्या थोरल्या भावासाठी.

आदल्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर वाढली होती. अळी काही केल्या हटेना, म्हणून जो तो औषध फवारत सुटला. उंच झाडांवर नळी वर धरून मारलेलं औषध वाऱ्यानं उलटून तोंडावर यायचं. त्या हंगामात आमच्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं दवाखान्यात पडली, काही परत आलीच नाहीत. दादा आला, पण डोळे गेले. जिवावरचं डोळ्यांवर निभावलं, असं लोक म्हणायचे. मला त्या बोलण्याची चीड यायची. अजूनही येते.

आणि ते दुकान! डोंगरांची चित्रं, फ्रीजला चिकटवायचे डोंगर, काचेच्या गोळ्यात भुरभुरणारा बर्फ. सगळं नुसतं बघायचं. दादाच्या हातात यातलं काय ठेवू आणि काय सांगू? तेवढ्यात कुणाचा तरी धक्का लागून वर टांगलेली एक घंटा वाजली, आणि माझे डोळे भरून आले.

आमच्या घरी रीत होती. बाहेरगावी गेलेल्यानं येताना बैलांसाठी काहीतरी आणायचंच. बाबा वणीच्या जत्रेतून आले की पिशवीतून आधी घुंगरमाळा निघत, मग आमचा खाऊ. आम्ही तोंडं फुगवली की बाबा म्हणत, ‘‘त्यायले मांगता येत नाही. तुमाले येते.’’ आणि आणायचं ते जोडीचं. एकालाच नवी माळ घातली तर दुसरा बैल रुसतो, असं दादा पन्नाशी उलटल्यावरही मानायचा. पोळ्याला बैल सजवताना तर तो वहिनीच्या नव्या साडीचा काठ मागायलाही कमी करत नसे.

पोळा जवळच आला होता. फोनवर मी दर वेळी विचारायचे, ‘‘बैल कसे हायेत?’’ तो म्हणायचा, ‘‘मस्त हायेत.’’ शेत सालदार बघतो, असंही सांगायचा. वर्षभराच्या बोलीवर ठेवलेला गडी आहे म्हटल्यावर मीही निर्धास्त होते.

मग मी डोळे मिटून एकेक घंटा वाजवू लागले. एक जाड आवाजाची घेतली, एक जरा बारीक आवाजाची. म्हणजे कोणता बैल कुठे उभा आहे ते दादाला ऐकून कळेल. दुकानदारीण खुणेनं विचारत होती, भिंतीला एक पुरे की, दोन कशाला? तिला पोळा काय समजावणार! आमचे हे म्हणाले, ‘‘बॅगेत कपडे न्यायचे का भांडी?’’ मी माझा जाडजूड स्वेटर हॉटेलातच सोडून दिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी एसटीनं दादाकडे गेले. त्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात, म्हणून मुद्दाम तोच दिवस धरला होता. दादा ओसरीवर बसला होता. घंटा हातात दिल्या तसा त्याचा चेहरा उजळला. पट्टा चाचपला, आतली लोळी बोटानं हलवली, कानाशी नेऊन वाजवली. ‘‘काय आवाज हाय माय! हे पांढऱ्याले, अन् हे बारीकवाली बांड्याले.’’ आणि एकदम थांबला.

वहिनीनं मान फिरवली. मी गोठ्याकडे पाहिलं. तिथे सरपण रचलेलं होतं.

‘‘दादा, बैल?’’

‘‘इकले.’’

‘‘तू तं म्हणे मस्त हायेत!’’

‘‘मस्तच हायेत. खोटं नाही बोललो तुले. वरच्या आळीतल्यानं नेले, चांगले ठेवून राह्यला. सालदार काही टिकला नाही. मले दिसत नाही, तं त्यायले कायले उपाशी बांधून ठेवू?’’

गप्प राहणं मला कधी जमलेलं नाही, म्हणून मी तोडगा काढला. ‘‘मंग घंटा त्यालेच देऊन टाकू. रोज तुह्या दारावरूनच वावरात नेत असन ना? तुले आइकू तरी येतीन.’’ मला तर वाटलं, काय छान सुचलं!

दादा घंटेच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

‘‘नको बाई,’’ तो म्हणाला. ‘‘आता दारावरून बैल गेले तं मी म्हणतो, असतीन कोनाचे. घंटा बांधल्या तं रोज समजन, माहेच चालले.’’

कुठून या घंटा आणल्या, असं झालं मला. वहिनी उठली. त्याच्या हातातून तिनं घंटा अलगद घेतल्या, आतून कापसाची मूठ आणली आणि दोन्हींत दाबून भरली, नेताना वाजू नयेत म्हणून. मग माझ्या पिशवीत ठेवल्या. मी पिशवी उचलली, चपला घातल्या, पण पाय काही निघेना.

थोड्या वेळानं दादानं वहिनीला विचारलं, ‘‘गेली का वं बाई?’’

मी त्याच्या समोरच उभी होते.