किमोनो उसवताना

तीस वर्षं ब्लाउज शिवतेय, पण माझ्या कात्रीला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक येवल्याची पैठणी घेऊन येतं, मी तिच्यातला ब्लाउजपीस टेबलावर पसरून खसाखसा कापते आणि समोरची बाई श्वास रोखून उभी राहते. खरं सांगायचं तर मला त्याची थोडी मजाही वाटते. म्हणून आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जपानी बाईंनी कागदात गुंडाळलेला किमोनो माझ्यापुढे ठेवला आणि पहिलंच वाक्य "ताई, कात्री नाही" असं म्हटलं, तेव्हा मला रागच आला. कात्री नाही तर माझ्याकडे कशाला आणलंय?

बाईंच्या नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे ही मंडळी सात वर्षं नाशकात आहेत. बाईंचं मराठी पंचवटीच्या भाजीबाजारात शिकलेलं, मोजकं. मुलगी मात्र इथल्याच शाळेत वाढली, त्यामुळे ती सरळ "काकू, लय भारी" म्हणते. त्यांच्याकडे विसाव्या वर्षी मुलं मोठी झाली म्हणून जानेवारीत समारंभ करतात. मुली त्या दिवशी खाली घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या लांबलचक बाह्यांचा किमोनो घालतात. बाह्या लांब म्हणजे मुलगी अविवाहित, लग्नानंतर त्या आखूड होतात. आता मुलगी त्यासाठी जपानला निघाली होती.

किमोनो बाईंच्या आईचा होता. गडद निळं रेशीम, अंगभर एकसारखी बारीक पांढरी फुलं. बाई स्वतः वीस वर्षांच्या झाल्या तेव्हा आईने हाच त्यांच्यापुढे धरला होता. "मी म्हटलं, जुना आहे, नको. भाड्याने नवा आणला," बाई म्हणाल्या. आईने घडी घालून तो कपाटात ठेवून दिला. तीन वर्षांपूर्वी आई गेली. आता तो मुलीच्या अंगावर एकदा बघायचा, एवढंच बाईंना हवं होतं. मुलगी आनंदाने तयार होती, पण नात आजीपेक्षा उंच निघाली आणि बाह्या मनगटाच्या चांगल्या वर राहत होत्या.

मी उसवायला बसले, बाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या. आणि माझी सगळी ऐट उतरली. अख्खा किमोनो हाताने, साध्या धावदोऱ्याने शिवलेला. दोरा ओढला की पट्टी सुटायची. एका लांब ताग्यातून सरळ फाडाव्यात तशा पट्ट्या, कुठे गोलाई नाही, गळ्यालाही फक्त एक सरळ चीर, जास्तीचं कापड नुसतं आत दुमडलेलं. खांद्याच्या शिवणीत दोन-दोन बोटं कापड राखून ठेवलं होतं आणि तिथला निळा रंग बाहेरच्यापेक्षा गडद होता. कुणी तरी अजून न जन्मलेल्या नातीसाठी ते ठेवलं असावं, असं वाटून मला भरून आलं.

बाई सांगत होत्या, मुलगी मराठीत भर घालत होती. पूर्वी घरोघरी किमोनो असा पूर्ण उसवून धूत, पट्ट्या फळीवर ताणून वाळवत आणि पुन्हा शिवत. झिजलेली पट्टी आतल्या बाजूला घेत, आतली बाहेर. मोठ्यांचा विटला की लहानांचा होई, मग अस्तर, शेवटी फडकं. मी म्हटलं, "आमच्याकडे साडीची गोधडी होते, तसंच की!" घालताना डावी बाजू नेहमी उजवीवर यायला हवी, ही रीत फार जुनी. उलटं फक्त माणूस गेल्यावर नेसवतात.

पाच दिवसांत बाह्या मनगटापर्यंत आल्या. शेवटचा टाका घातला, इस्त्री फिरवली, आणि मी इतकी खूश झाले की हात आपोआप देवघराकडे गेला. लग्नाचा शालू असो की बारशाचं झबलं, नवं वस्त्र देताना मी काठाला हळदीकुंकवाचं बोट लावते. किमोनोलाही लावलं. पुढच्या डाव्या पट्टीला, खाली, अगदी कोपऱ्यात. बोट उचललं आणि कळलं, काय केलं ते. कापसाने टिपायला गेले तर लाल रंग आणखी पसरला.

किमोनो घेऊन मी जिना चढले. लपवायचा विचार मनात आला नाही असं नाही. पण सांगितलं. बाईंनी कोपरा हातात घेतला आणि डागाभोवती हळूच अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "आईने किती जपला. एक डाग नव्हता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी म्हणाली, "आई, काकूंनी चांगल्या मनानं लावलं गं." त्यावर बाईंनी मान हलवली, पण डोळे कोपऱ्यावरच होते.

विमान चार दिवसांवर होतं. दुपारभर मी तो डाग बघत बसले आणि एकदम त्यांच्याच गोष्टी आठवल्या. डावी बाजू वर, म्हणजे उजवी झाकलेली. पुढच्या दोन्ही पट्ट्या सारख्याच रुंदीच्या, फुलंही एकसारखी. मग डावी उजवीकडे का नाही जाणार? परत वर गेले आणि विचारलं. बाईंनी थोडा विचार केला, स्वतःची सुई घेतली आणि माझ्याबरोबर खाली आल्या. तीन दिवस आम्ही दोघी समोरासमोर बसून शिवत होतो. चहा मात्र मी टेबलापासून लांब ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या, माझा टाका वाकडा गेला म्हणून. तो त्यांनी मला उसवायला लावला.

चौथ्या दिवशी सकाळी मुलगी माझ्या खोलीतल्या आरशासमोर उभी राहिली. बाईंनी डावी बाजू उजवीवर ओढली, रुंद पट्टा आवळून बांधला, मागे सरकून बघितलं. डाग कुठेच दिसत नव्हता. बाह्या बरोबर मनगटावर होत्या.

मग बाई खाली गुडघ्यांवर बसल्या. किमोनोचा काठ दोन्ही हातांत धरून हळू आवाजात जपानीत काहीतरी बोलल्या. मुलीचे डोळे भरले. मी तिला खुणेनेच विचारलं.

"माझ्याशी नाही बोलत आहे ती, काकू," मुलगी म्हणाली. "तिच्या आईला सांगतेय. 'आई, मला फार उशीर झाला.'"