राहुकाळातला मोबाइल

अख्ख्या अमरावतीला कधी काय घ्यावं हे मी दोन मिनिटांत सांगतो. वरूडच्या संत्रेवाल्यांचे ट्रॅक्टर, वकीलसाहेबांची गाडी, कुणाच्या सुनेचं शिलाई मशीन, सगळं माझ्या पंचांगावर घरात आलंय. स्वतःचा मोबाइल बदलायला मात्र मला आठ महिने लागले.

जुना फोन एका सत्यनारायणात चौरंगावरून पडला आणि त्याच्या पडद्याचा खालचा भाग मेला. फोन आला की बोट वर ओढलं तर दहातून एकदा उचलायचा, खाली सरकलं तर हमखास कटायचा! फोन लावायचं बटण तर त्या मेल्या भागातच. शेवटी भातकुलीचे एक यजमान तडकून मोटारसायकलवर दारात आले.

"काहो गुरुजी, माहा फोन काहून कापता? पोराच्या मुंजीची तारीख मांगून राहिलो, तुमची किडनी नाई!"

नवीन घ्यायचा हे ठरलं होतं. पण पितृपक्षात कसा घेणार? दसऱ्याला दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "दिवाळीले नवीन मॉडेल येऊन राहिलं." दिवाळीला ते आलं, तर पुतण्या म्हणाला, "काका, थांबा, याच्याहून भारी येणार आहे." थांबलो. तेवढ्यात पौष लागला. पौषात कोणी काही घेतं का? (घेतात. मीच त्यांना सांगतो, चालतं म्हणून.) रोज दुकानावरून जायचो, काचेतून बघायचो आणि घरी येऊन पंचांग चाळायचो. जीव नुसता वरखाली व्हायचा.

"अहो, घ्या न एकदाचा!" सुमन, माझी बायको, करवादायची. तिला घाई होती, कारण माझा जुना फोन तिला मिळणार या भरवशावर तिने आपला फोन आधीच भावाला देऊन टाकला होता!

शेवटी गुरुपुष्यामृत गाठून घेतला. पण दुकानदाराने इतके फोन दाखवले, की घरी येईस्तोवर पुष्य नक्षत्र संपलं! डबा देवघरात ठेवला आणि जाहीर केलं, "उद्या शुक्रवार, सकाळभर माझी पूजा, मग राहुकाळ साडेदहा ते बारा. बारा वाजून पाच मिनिटांनी उघडू."

आणि त्याच शुक्रवारी अकरा वाजता अकोल्याहून फोन येणार होता. आमच्या वैदेहीला अकोल्याचा प्राध्यापक मुलगा मनापासून आवडला होता. त्याच्या वडिलांनी बजावलं होतं, "आमच्याकडे दर्यापूरचंबी स्थळ आहे, गुरुजी. शुक्रवारी हो की नाई, तेवढं सांगा." बँकेत जाताना वैदेही दारात थबकून म्हणाली, "बाबा, फोन नीट उचलाल न?"

अकराच्या ठोक्याला फोन वाजला. बोट वर ओढलं. कटला!

दुसऱ्यांदा वाजला. बोट धोतराला पुसलं, देवाचं नाव घेतलं. कटला!

तिसऱ्यांदा सुमनने हिसकावला. तिच्याही हातून कटला. "तीनदा कापला! आता ते काय समजतील? आना तो डबा इकडे!"

"अगं, राहुकाळ आहे!"

"राहू गेला खड्ड्यात! पोरीचं लग्न मोडून राहिलं, न तुमी घड्याळ पाहून राहिले!"

तिने देवघरातून डबा ओढला, विळीने फाडला. सिमची खाच उघडेना, तर पदराची सेफ्टी पिन खुपसली. नवा फोन सुरू झाला आणि चौकशी करू लागला. भाषा कोणती? देश कोणता? बोटाचा ठसा देता का? मुलीच्या स्थळाचीही कोणी एवढी चौकशी करत नाही! मी घामाघूम. एवढ्यात तो वाजला. मी डोळे मिटून बोट वर ओढलं.

"गुरुजी," अकोल्याचा आवाज, "तीनदा कापला तुमी. नाई म्हनाचं अशीन तं तोंडानं सांगा न!"

"नाही, नाही! आमचं हो आहे! फोन खराब होता हो!" मी ओरडलो. पितृपक्षापासून राहुकाळापर्यंतची सगळी कथा एका दमात सांगितली.

सुमनने माझा दंड घट्ट धरलेला. मग ते इतके हसले, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"आमचंबी हो आहे, गुरुजी. फकस्त एक अट."

"बोला न!" मी म्हणालो. माझ्या डोळ्यांत चक्क पाणी आलं होतं.

"लग्नाचा मुहूर्त आमचे अकोल्याचे गुरुजी काढतीन. तुमच्या हाती देला, तं पोट्ट्यायचे केस पिकतीन!"

मी काही बोलायच्या आत सुमननेच माझ्या हातातला फोन घेऊन "मंजूर!" म्हणून टाकलं. घड्याळात पाहिलं, तर अकरा पंचवीस. भर राहुकाळ.